पोत्याला अनुदान, पाकिटाला वाली नाही

युरियाचे ४५ किलोचे पोते शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम. भागाकार केला की एक किलो नत्र १३ रुपयांच्या आत पडते. टपरीवरचा चहा आणि किलोभर नत्र एकाच भावात! खरी किंमत अर्थातच याच्या कितीतरी पट आहे. वरचा भार केंद्र सरकार उचलते, आणि सगळ्या खतांचे मिळून हे अनुदान अलीकडच्या वर्षांत दीड लाख कोटी रुपयांच्या वर गेलेले आहे.

त्याच दुकानात, बहुधा तणनाशकांच्या खोक्यांमागे, रायझोबियमचे पाव किलोचे पाकीट पडलेले असते. सोयाबीनला लागणाऱ्या नत्राचा अर्धा किंवा त्याहून मोठा वाटा हवेतून मिळवून देणारे जिवाणू त्यात असतात, निदान असायला हवेत. ते जिवंत आहेत की नाहीत हे दुकानदाराला माहीत नसते आणि घेणाऱ्याला तर कळण्याचा मार्गच नसतो. पोते उन्हात ठेवले, वर्षभर पडून राहिले, तरी युरिया युरियाच राहतो. पाकिटातला माल मात्र विरजणासारखा असतो. विरजण मेलेले असेल तर दुधाला नावे ठेवून उपयोग नाही. आपण गेली कित्येक वर्षे दुधालाच नावे ठेवत आहोत: शेतकरी बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला जिवाणू चोळणे) करत नाहीत, त्यांच्यात जागृती नाही, मेळावे घ्या, भित्तिपत्रके लावा. माझ्या मते रोग वेगळ्याच जागी आहे. जिवंत माल आपण मेलेल्या मालाच्या व्यवस्थेतून विकतो, आणि तो शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत जिवंत राहिला का हे पाहण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

आधी हे जिवाणू नेमके काय करतात ते पाहू, कारण पाकिटाच्या अपयशाची बहुतेक कारणे त्यातच दडलेली आहेत.

एक हेक्टर रानाच्या डोक्यावर जी हवा उभी असते, तिच्यात सुमारे ७८ हजार टन नत्र असते. पण पीक त्यातले ग्रॅमभरही थेट घेऊ शकत नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. हा बंध तोडायला अलिबागजवळच्या थळसारख्या खत कारखान्यात ४०० ते ५०० अंश तापमान, वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि लोखंडाचे उत्प्रेरक लागते. शिवाय हायड्रोजनसाठी नैसर्गिक वायू. हेच काम सोयाबीनच्या मुळावरची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ पावसाळ्यातल्या मातीच्या तापमानाला करते. तिच्यातल्या नायट्रोजनेज या विकराला नत्राच्या एका रेणूमागे किमान १६ एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची १६ नाणी मोजावी लागतात. ही नाणी झाड पुरवते. एक ग्रॅम नत्रासाठी झाडाचा पाच ते दहा ग्रॅम कार्बन खर्ची पडतो. हा सौदा फुकटचा नाही, आणि झाडाला तो पक्का ठाऊक असतो. जमिनीत तयार नायट्रेट भरपूर मिळाले, तर झाड गाठी धरायचे टाळते आणि धरलेल्या गाठींचा खुराक तोडते.

गाठ बनते ती दोघांच्या बोलाचालीतून. मूळ मातीत फ्लॅवोनॉइड नावाची द्रव्ये सोडते. ती ओळखणारा जिवाणू उत्तरादाखल स्वतःचा रासायनिक निरोप पाठवतो. निरोप जुळला तर मुळावरचे केस वाकडे होतात, जिवाणूला कवेत घेतात, आणि एका बारीक नळीवाटे तो आतल्या पेशींत पोहोचतो. तिथे पेशी फुगून गाठ होते. आता एक अडचण येते: नायट्रोजनेज प्राणवायूने निकामी होते, आणि ऊर्जा तयार करायला तर प्राणवायू हवा. यावर तोड म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. तो प्राणवायू पकडून ठेवतो आणि बेताबेताने देतो. गाठ कापल्यावर आत जो गुलाबी-लाल रंग दिसतो तो याचाच. जर्मनीत हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये गाठींचा आणि हवेतल्या नत्राचा संबंध मांडला आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी हे जिवाणू वेगळे करून वाढवून दाखवले. हरभऱ्याचा बेवड चांगला, म्हणजे त्याच्यामागून घेतलेले पीक जोमाने येते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. कारण तेवढे नंतर कळले.

निरोप जुळला तर, असे वर म्हटले. पहिली गफलत इथेच होते. सोयाबीनचा जिवाणू ब्रॅडिरायझोबियम जॅपोनिकम आणि त्याचे जवळचे सोयरे. हरभऱ्याचा मेसोरायझोबियम, तो दुसऱ्या कुळातला. मेथी आणि लसूणघास यांचा आणखी वेगळा. वाटाणा-मसूर यांचा एक, राजमा-घेवड्याचा दुसरा. तूर, मूग, उडीद, चवळी, वाल, भुईमूग ही मंडळी त्या मानाने मोकळ्या स्वभावाची. चवळी गटातले पुष्कळ जिवाणू त्यांना चालतात. त्यामुळे सोयाबीनसाठी आणलेले उरलेले पाकीट ऑक्टोबरात हरभऱ्याला चोळणे म्हणजे इंजेक्शन एकाचे आणि दंड दुसऱ्याचा. ‘सर्व कडधान्यांसाठी रायझोबियम’ असे एकच पाकीट कोणी पुढे करत असेल, तर त्यात कोणकोणत्या पिकांचे जिवाणू आहेत आणि प्रत्येकाची संख्या किती, हे विचारावे. उत्तर मिळणार नाही, आणि तेच उत्तर समजावे.

आता संख्येचा हिशेब करू. सगळा वाद तिथेच येऊन थांबतो. खत नियंत्रण आदेश १९८५ चा. जिवाणू खते त्यात २००६ मध्ये आली. त्या आदेशाप्रमाणे भुकटीच्या स्वरूपातल्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी हव्यात. शिफारस अशी, की २५० ग्रॅमचे एक पाकीट १० किलो बियाण्याला. म्हणजे पाकिटात १,२५० कोटी पेशी. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले, तर १० किलोत सुमारे ८३ हजार दाणे. प्रत्येक दाण्याच्या वाट्याला आले दीड लाख जिवाणू. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला किमान एक लाख लागतात, असे या विषयात सर्वसाधारणपणे धरले जाते. थोडक्यात, पाकीट तंतोतंत प्रमाणानुसार असले, त्यातला कणही वाया गेला नाही आणि एकही पेशी मेली नाही, तरी आपण उंबऱ्यावर उभे असतो. पाकिटातली संख्या शंभरपटीने घटली तर दाण्याला उरतात दीड हजार. मग बीजप्रक्रिया म्हणजे दाण्याला पाकिटातली कोळशाची पूड फासणे, दुसरे काही नाही.

ब्राझीलने हा उंबरठा कुठे ठेवला आहे ते पाहण्यासारखे आहे, कारण सोयाबीनच्या बाबतीत त्या देशाने सुरुवातीलाच पोत्याऐवजी जिवाणूवर पैज लावली. योहाना ड्योबेराइनर या शास्त्रज्ञ बाईंचा त्यात मोठा वाटा. आज तिथले सोयाबीन जवळपास पूर्णपणे जिवाणूंच्या नत्रावर उभे आहे. तिथल्या कायद्यात किमान संख्या दर ग्रॅमला किंवा मिलिलिटरला १०० कोटी आहे, म्हणजे आपल्या भुकटीच्या वीसपट. शिफारस दर दाण्याला १२ लाख पेशींची. जिवाणूचे कोणते वाण वापरायचे हेही ठरलेले आहे. मोजक्या मान्य वाणांपलीकडचे पाकीट विकता येत नाही. आपल्याकडे शेतकरी रायझोबियम मागतो तेव्हा त्याला वाणाचा क्रमांक माहीत नसतो, दुकानदारालाही नसतो. बियाण्याचे जेएस ३३५ की फुले संगम हे मात्र दोघेही चोख सांगतात.

पाकीट कारखान्यातून प्रमाणानुसार निघाले असे धरू. पुढचा प्रवास असा: मार्च-एप्रिलमध्ये तयार झालेला माल मे महिन्यात ट्रकने विदर्भ-मराठवाड्यात येतो. बाहेर पारा ४२ ते ४५ अंश. पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. बहुतेक रायझोबियम ४० अंशांच्या वर भराभर मरतात. भुकटीत ३० ते ४० टक्के ओलावा असावा लागतो. पाकीट फाटले, सुकले, की संख्या कोसळते. वाहक म्हणून वापरलेला लिग्नाइट किंवा कोळसा नीट निर्जंतुक केलेला नसला, तर आत दुसरेच जीव फोफावतात आणि रायझोबियमचा फन्ना उडवतात. बाहेरून पाकीट तसेच काळे, तसेच मऊ. मुदतही संपलेली नाही. आणि हे सगळे एका रुपयाचाही खोटेपणा न करता घडते.

मग शेतात. बहुतेक पिशवीबंद बियाण्याला बुरशीनाशक आधीच लावलेले असते, किंवा शेतकरी कार्बोक्सिन अधिक थायरम किलोला ३ ग्रॅम या प्रमाणात स्वतः लावतो. ते लावायलाच हवे. खोडकूज-मूळकुजीने रोप मेले तर गाठी येणार कशावर? पण थायरम, कॅप्टान, तांबेयुक्त औषधे जिवाणूलाही मारतात. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते पूर्ण सुकले की शेवटी, अगदी पेरणीच्या तोंडावर, जिवाणू. तिन्ही एकाच घमेल्यात कालवून घेण्याची चाल सर्रास दिसते. त्यात वेळ वाचतो, आणि जिवाणूंचा खर्च पूर्ण वाया जातो.

लावण्याची रीत साधी आहे, पण घाई सोसत नाही. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करावा. गार म्हणजे हाताला गार. कढत दुधात विरजण मरते हे स्वयंपाकघरात ज्याला कळते त्याला इथेही कळेल. १० किलो सोयाबीन ताडपत्रीवर किंवा गोणपाटावर पसरून जेमतेम ओल येईल एवढेच गूळपाणी शिंपडावे, पाव लिटरहून कमी. सोयाबीनचे टरफल पातळ असते. पाणी जास्त झाले की दाणा फुगतो, टरफलाला सुरकुत्या पडतात, साल निघते आणि उगवण घटते. हरभरा या बाबतीत दणकट. मग पाकीट भुरभुरून हलक्या हाताने चोळावे, रगडू नये. द्रवरूप असेल तर १० किलोला साधारण १०० मिलि, त्यात वेगळे पाणी नको. सावलीत अर्धा तास सुकवून त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच पेरावे. उन्हात वाळत घातलेले किंवा आदल्या रात्री चोळून ठेवलेले बियाणे म्हणजे निम्म्याहून जास्त मेलेला माल. पावसाने दगा दिला आणि पेरणी दोन दिवस लांबली, तर पुन्हा ताजे पाकीट लावावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा (पेरणीजोगी ओल) आल्यावरच पेरणी करा हा सल्ला उगवणीसाठी देतात, पण जिवाणूलाही तोच तारतो. पावसाआधीच केलेल्या धूळपेरणीत तापल्या कोरड्या मातीत दाणा आठवडाभर टिकतो. त्याच्या अंगावरचा जिवाणू टिकत नाही.

औषधाचा थर जाड असलेले बियाणे घेतले असेल, तर जिवाणू दाण्याला न लावता चाळलेल्या, कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत बियाण्याजवळ पडेल असा द्यावा. मात्र मात्रा दुपटीहून अधिक लागते, कारण आता तो दाण्याला चिकटून नाही, जवळपास आहे.

एवढे करून काम झाले की नाही हे कसे कळणार? प्रयोगशाळेची गरज नाही, फावडे पुरते. पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी शेतात पाच-सहा ठिकाणची झाडे मातीच्या ढेकळासकट खणून काढावीत. उपटू नयेत, उपटले की गाठी मातीतच तुटून राहतात आणि ‘गाठी नाहीत’ असा खोटा निकाल हाती येतो. ढेकूळ बादलीत भिजत ठेवून माती हळूहळू सोडवावी. सोटमुळाच्या वरच्या भागात गाठींचा पुंजका असेल तर तो बहुधा बियाण्यावर लावलेल्या जिवाणूंचा. दूर बारीक मुळ्यांवर विखुरलेल्या असतील तर त्या जमिनीतल्या जुन्या रहिवाशांच्या. झाडामागे दहा-पंधरा चांगल्या गाठी असल्या की समाधान मानावे. नखाने किंवा ब्लेडने गाठ चिरावी: गुलाबी-लाल म्हणजे काम चालू, पांढरी म्हणजे कोवळी किंवा फुकटखाऊ, हिरवट म्हणजे वय झालेली, तपकिरी-काळी म्हणजे मेलेली. फुकटखाऊ ही चेष्टा नव्हे. काही जिवाणू गाठ करतात, झाडाची साखर खातात आणि नत्र नगण्य देतात. गाठींची नुसती संख्या मोजणारा इथे फसतो.

ही पाहणी न करता होणारी सर्वांत महागडी चूक जुलैत घडते. आठ-दहा दिवस झड लागते, भारी काळ्या रानात पाणी साचते, सोयाबीन पिवळे पडते आणि गावभर युरिया फेकला जातो. पण पिवळेपण कुठले ते कोणी पाहत नाही. खालची जुनी पाने सारखी पिवळी असतील तर नत्राची कमतरता. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. चुनखडीच्या, सामू (पीएच) ८ च्या वरच्या जमिनीत पाणी साचले की हे हमखास होते, आणि त्यावर उपाय चर काढून पाणी बाहेर घालवणे व गरज पडल्यास लोहाची फवारणी हा आहे. पिवळे-हिरवे चट्टे असतील तर मोझॅक विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला. तिथे युरिया टाकला तर पीक आणखी लुसलुशीत होते आणि माशीला मेजवानी मिळते. लोहाच्या कमतरतेवर युरिया टाकला तर पिवळेपण जात नाही, गाठींचा खुराक मात्र तुटतो. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्राची जी शिफारस आहे ती पेरणीबरोबरची शिदोरी आहे. गाठी काम करू लागायला तीन-चार आठवडे लागतात, तोवरची सोय. पुढचे नत्र गाठींनी द्यायचे असते.

एवढे बोलल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी, कारण जिवाणू खतांचे भाट तिकडे सोयीस्कर काणाडोळा करतात.

ज्या रानात पंधरा-वीस वर्षे सोयाबीन आहे, तिथे त्याचे जिवाणू मातीत घर करून बसलेले असतात. पाकिटातला पाहुणा कितीही चांगला असला तरी बहुतेक गाठी घरचेच बळकावतात. ब्राझीलमध्ये दरवर्षी नव्याने जिवाणू लावल्याने उत्पादन सरासरी आठ टक्के वाढल्याचे प्रयोग आहेत. पण ते त्यांच्या दर्जाच्या मालाने, त्यांच्या जमिनीत. लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याला अर्ध्या रानात पाकीट लावून फरक दिसला नाही, तर तो अडाणी नाही. त्याने अचूक निरीक्षण केले आहे. पाकिटाचा खरा धडाका दिसतो तो सोयाबीन पहिल्यांदाच घेतलेल्या शेतात, भातानंतर किंवा वर्षानुवर्षे कापूस-ज्वारी घेतलेल्या रानात हरभरा करताना, आणि आम्लधर्मी जमिनीत. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत तर पाकिटाबरोबर थोडा चुना आणि मॉलिब्डेनमचाही विचार हवा. नायट्रोजनेजच्या गाभ्यातच मॉलिब्डेनम आहे, आणि आम्ल जमीन ते घट्ट धरून ठेवते. काळ्या रानात त्याची वानवा सहसा नसते. तिथे स्फुरद (फॉस्फरस) आणि गंधक कमी पडतात, आणि स्फुरदाशिवाय एटीपीची नाणी पाडायची कशातून?

दुसरा गोड गैरसमज असा, की सोयाबीन घेतले की जमिनीत आपोआप नत्र साठते. हिशेब करून पाहा. हेक्टरी २० क्विंटल सोयाबीन आले तर पिकाने एकूण सुमारे १६० किलो नत्र उचललेले असते. त्यातले ११५ किलोच्या आसपास दाण्यांतून बाजार समितीत जाते, कारण सोयाबीनमध्ये प्रथिने ४० टक्के. गाठींनी एकूण नत्रातले निम्मे, म्हणजे ८० किलो दिले असतील तर जमिनीच्या खात्यातून ३५ किलो वजा झाले. पाऊणपट दिले तर कसेबसे फिटंफाट. कुटार (मळणीनंतरचा भुसा) विकले किंवा पेटवले तर तेवढेही नाही. ताग-धैंचा ही हिरवळीची पिके फुलोऱ्यात गाडणे आणि सोयाबीन काढून घेणे या दोन गोष्टी बेवडाच्या एकाच मापाने मोजता येत नाहीत.

तिसरे म्हणजे अॅझोटोबॅक्टर हा जिवाणू. तो मातीत मोकळा राहतो, कोणा झाडाशी करार करत नाही. त्यामुळे ज्वारी-कपाशीला त्याच्याकडून मिळणारे नत्र हेक्टरी काही किलोंपुरते असते. मुळांच्या वाढीला त्याची थोडी मदत होत असेल, होतही असते. पण ‘युरिया निम्मा करा’ असे पाकिटावर छापणे हे विज्ञानाच्या नावाने केलेले दुकान आहे. याच रांगेत नॅनो युरियाची सुरुवातीला आलेली, ४ टक्के नत्राची अर्ध्या लिटरची बाटली बसते. एक बाटली म्हणजे एक पोते, असा तिचा दावा. तिच्यात नत्र किती? २० ग्रॅम. ती २० किलो ७०० ग्रॅम नत्राच्या पोत्याची बरोबरी कशी करते, हे गणित अंकगणितात तरी बसत नाही. असल्या फुगवलेल्या दाव्यांनी सर्वांत मोठे नुकसान केले आहे ते रायझोबियमचे, कारण शेतकरी एकाच तागडीत सगळ्यांना तोलतो.

युरियाला शिव्या घालून हा प्रश्न सुटत नाही, हेही सांगायला हवे. युरियाही जिवाणूंच्याच हातून पिकाला मिळतो. मातीतले युरिएज हे विकर त्याचा अमोनिया करते. उघड्यावर, काळ्या जमिनीवर फेकला असेल तर त्यातला बराच तिथूनच उडून जातो. उरलेल्याचे नायट्रोसोमोनास नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर नायट्रेट. २०१५ पासून देशातला शेतीचा जवळपास सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा मुलामा दिलेला असतो, तो अमोनियाचे नायट्राइट होण्याची पायरी मंद करायला. रानात पाणी तुंबले की तिसऱ्याच टोळीतले जिवाणू नायट्रेट मोडून नत्र परत हवेत धाडतात. आणि जमिनीचे स्वतःचे कोठार असते. सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असलेल्या रानात वरच्या वीतभर थरात हेक्टरी हजार किलोच्या आसपास नत्र सेंद्रिय रूपात असते. हंगामात त्यातले दोन-तीन टक्के, म्हणजे २० ते ३० किलो, जिवाणू सोडवून देतात. कर्ब एक टक्क्यावर नेला तर हा पगार दुप्पट. उसाचे पाचट न जाळता सरीत ठेवायचे तर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारे जिवाणू टाकतात, ते याच हिशेबाने: पाचटात कर्ब अफाट आणि नत्र तुटपुंजे, तेव्हा कुजवणाऱ्यांना शिदोरी दिली नाही तर ते उसाच्या ताटातले ओढून घेतात आणि ऊस पिवळा पडतो. पोते आणि जिवाणू यांचे वैर नाही. वैर अनुदानाच्या रचनेने लावले आहे: एकाची किंमत इतकी पाडली, की दुसऱ्याकडे नीट पाहण्याचे कोणाला कारणच उरले नाही.

मग करायचे काय? पाकिटे फुकट वाटा, हा नेहमीचा उपाय मला मुळीच पटत नाही. फुकटचे पाकीट पेरणीनंतर पोहोचते, आणि पुरवठादाराचे गिऱ्हाईक शेतकरी न राहता कार्यालय होते. कार्यालय पाकिटांची संख्या मोजते, पेशींची नाही. पाकीट दुप्पट महाग झाले तरी चालेल. सोयाबीनच्या एकरी ३० किलो बियाण्याला तीन पाकिटे लागतात. बियाण्याच्या आणि औषधाच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ आहे. पैसा लावायचा तो तपासणीवर. केंद्राच्या, २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-प्रणाम योजनेत रासायनिक खतांचा वापर घटवून राज्याने जेवढे अनुदान वाचवले त्याच्या निम्मी रक्कम राज्याला परत मिळण्याची तरतूद ठेवली होती. तशा रकमेतून प्रत्येक सोयाबीन जिल्ह्यात पेशी मोजणारी प्रयोगशाळा उभी करावी. यंत्रे फार नाहीत: निर्जंतुक करण्याचे भांडे, उबवणी पेटी, काचेच्या बश्या, कॉंगो रेड घातलेले माध्यम आणि हात बसलेला माणूस. रायझोबियमच्या वसाहती त्या लाल माध्यमावर पांढुरक्या राहतात. लाल रंग पिऊन बसतात ते बहुतेक घुसखोर.

यावर आक्षेप येतो, की निकष कडक केले तर छोटे उत्पादक बुडतील. काही बुडतीलही. पण आज त्यांच्यातला जो प्रामाणिकपणे निर्जंतुक वाहक वापरतो, शीतगृहाचे भाडे भरतो, त्याचा माल मेलेल्या मालाच्याच भावात विकला जातो; बुडतो आहे तो तो. बॅच क्रमांक, पिकाचे नाव, वाण, तयार केल्याची तारीख आणि दुकानातून उचललेल्या नमुन्यातली मोजलेली संख्या, एवढे तालुक्याच्या फलकावर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लागू द्या. चांगल्या उत्पादकाला याहून मोठी जाहिरात नको.

संख्येचा नमुना दुकानाच्या फळीवरून घ्यावा, कारखान्याच्या दारातून नव्हे. आणि तो प्रयोगशाळेपर्यंत बर्फाच्या पेटीतून जावा, नाहीतर निरीक्षकाच्या जीपमध्येच जिवाणू मरतील आणि दोष उत्पादकावर येईल. तारीखही महत्त्वाची आहे. सोयाबीनचा ब्रॅडिरायझोबियम संथ वाढतो. बशीवर त्याच्या वसाहती दिसायला पाच ते सात दिवस लागतात, हरभऱ्याच्या जातभाईंपेक्षा जास्त. त्या गाठी करतात की नाही हे निर्जंतुक वाळूतल्या रोपांवर पाहायचे तर आणखी चार ते सहा आठवडे. मृग ७-८ जूनला लागतो. म्हणजे संख्येचा नमुना मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि गाठींचा, माल अजून कारखान्यात असतानाच, एप्रिलच्या मध्यावर उचलावा लागेल. जूनमध्ये नमुने घेऊन सप्टेंबरात अहवाल आला, तर तोवर ते पाकीट चोळलेल्या दाण्यांची झाडे शेंगा भरत असतील, किंवा नसतील.